मधुमेह आहे? व्यायाम करा, पण बेताने आणि उपाशीपोटी नको

धसई : जून-जुलैत चिखलणी-लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. या दिवसांत मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी दिवसभर राबतो. बाकीच्या दिवसांत अनेकांचं चालणंही कमी होतं. मधुमेह असेल तर ही दोन्ही टोकं त्रासाची. एकदम जास्त कष्ट पडले की रक्तातली साखर घसरू शकते, नुसतं बसून राहिलं की वाढते. म्हणून व्यायाम थोडाच, पण वर्षभर हवा.

किती करावा?
आठवड्यात १५० मिनिटं, म्हणजे ५ दिवस रोज ३० मिनिटं भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. एकदम जमत नसेल तर जेवणानंतर १०-१० मिनिटं तीनदा चाला. सलग दोन दिवस खाडा नको.

आधी काय पाहावं?
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर घसरण्याचा धोका जास्त. साखर १०० च्या खाली असेल तर आधी केळं किंवा अर्धी भाकरी खा.
- साखर २५० च्या वर असून उलटी, पोटदुखी किंवा धाप असेल तर व्यायाम नको, लगेच दवाखाना गाठा.
- हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर जड ओझं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

साखर घसरली तर
हातपाय थरथरणं, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. शेतात असताना 'उन्हाचा घाम असेल' म्हणून दुर्लक्ष होतं. काम थांबवा, ३ चमचे साखर पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, मग भाकरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. दिवसभर राबल्यावर साखर रात्रीही घसरू शकते, म्हणून रात्रीचं जेवण चुकवू नका. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा.

पाय जपा
मधुमेहात पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. अनवाणी फिरू नका. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे नीट पाहा. जखम दिसली तर घरगुती लेप न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

चालताना छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.