घर्षण हवे की नको? स्क्रूचालित रेखीय अ‍ॅक्च्युएटरचा इतिहास

बंगळुरूचा सर्जापूर रोड असो की तुमचे गाव, पंक्चरच्या दुकानात गाडी उचलणारा कात्री-जॅक तुम्ही पाहिलाच असेल. दांडा फिरवला की स्क्रू फिरतो, नट सरळ सरकतो आणि गाडी वर जाते. हात काढला तरी ती खाली येत नाही. हाताच्या जागी मोटर बसवा. झाला स्क्रूचालित रेखीय अ‍ॅक्च्युएटर.

यंत्रांत या स्क्रूला मोठे स्थान मिळाले ते लेथमुळे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने मुख्य दांडा आणि लीड स्क्रू गिअरने जोडले. काम एक फेरा फिरले की हत्यार ठरावीक अंतरच सरकणार. त्यामुळे एकसारखे आटे पुन्हा पुन्हा कापता येऊ लागले.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, ती नांगरासारख्या शेतीच्या अवजारांसाठी. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथे लेथ बनू लागले. १९५३ मध्ये बंगळुरूत एचएमटी आली. अशा पारंपरिक लेथच्या लीड स्क्रूचे आटे समलंबी असतात आणि नट त्यांवर घासत सरकतो.

१९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. आता मोटरलाच क्षणोक्षणी दिशा बदलायची होती. इथे घर्षण आणि नटातली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, दोन्ही नडतात. त्यावर उपाय ठरला बॉल स्क्रू. यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या गडगडतात आणि परतीच्या वाटेने पुन्हा आत येतात. नटाला आधीच ताण देऊन ढिलाई जवळजवळ काढून टाकता येते.

फरक आकड्यांत पाहू. भार ५,००० न्यूटन, लीड ५ मिमी. लागणारा टॉर्क = भार × लीड ÷ (२π × कार्यक्षमता). समलंबी स्क्रूची कार्यक्षमता ०.३ धरली तर सुमारे १३.३ न्यूटन-मीटर, बॉल स्क्रूची ०.९ धरली तर ४.४. म्हणजे एक-तृतीयांश मोटर पुरते.

मग सगळीकडे बॉल स्क्रूच का नाही? कारण जॅकमध्ये गाडी तोलून धरते ते घर्षणच. आट्याचा चढकोन घर्षणकोनापेक्षा कमी असेल, तर स्क्रू भाराने उलटा फिरत नाही. बॉल स्क्रू मात्र उलटा फिरू शकतो. उभ्या अक्षावर ब्रेक नसेल आणि वीज गेली, तर भार खाली येईल, आणि खाली कोणाचा तरी हात असू शकतो. समलंबी स्क्रूवरही डोळे मिटून विसंबू नका. कंपन आणि वंगणाने घर्षण घटते.

म्हणून निवड करताना कार्यक्षमतेच्या आधी एक प्रश्न विचारा: वीज गेल्यावर भार कोण धरणार?

स्वाध्याय: रुग्णालयातील वरखाली होणाऱ्या खाटेसाठी कोणता स्क्रू निवडाल? कारणे द्या.