ठेक्यात दडलेला मजकूर

तालवाद्यातून निरोप पाठवणे वेगळे आणि तालात निरोप लपवणे वेगळे. या दोहोंची सरमिसळ फार होते; खरे तर त्यांची गणिते परस्परविरुद्ध आहेत.

कांगो नदीकाठच्या केले लोकांचा पोकळ ओंडक्याचा ढोल पहिल्या प्रकारात मोडतो. ओंडक्यातल्या फटीच्या एका काठावर उंच सूर निघतो, दुसऱ्यावर खालचा. केले भाषेतही प्रत्येक अक्षराचा सूर उंच किंवा खालचा असतो. ढोल तेवढेच सूर उचलतो. स्वर-व्यंजने गळून जातात. दोन अक्षरी शब्दाला मग चारच साचे उरतात. ‘सोंगे’ म्हणजे चंद्र आणि ‘कोको’ म्हणजे कोंबडी, दोन्ही ढोलावर एकसारखेच ऐकू येतात. म्हणून वादक नुसता चंद्र वाजवत नाही. खाली पृथ्वीकडे पाहणारा चंद्र, असा ठरलेला लांब शब्दबंध वाजवतो. ब्रिटिश मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी १९४९ च्या पुस्तकात ही पद्धत उलगडली. जादा ठोके इथे पाल्हाळ नव्हेत. हरवलेल्या माहितीची ती भरपाई आहे.

यात गुप्त काहीच नाही, साऱ्या गावाला ते समजते. परक्याला मात्र तो नुसता गोंगाट वाटतो, आणि सत्तेला त्याचीच धास्ती असते. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली.

लपवण्यात मात्र निरोप आहे याचीच शंका येता कामा नये. वॉर्साचे संशोधक क्शिश्तोफ श्चिपिओर्स्की यांनी २०१६ मध्ये नृत्यसंगीताची लय कणभर वाढवून-घटवून मोर्स संकेत पेरले. एक टक्क्याहून कमी फरक श्रोत्यांना जाणवला नाही. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. त्यांचा एक टक्का म्हणजे ५ मिलिसेकंद. यंत्राचा ठेका इतका काटेकोर असतो, की मोजणाऱ्या उपकरणाला हा फरक लगेच सापडेल. माणसाच्या हातात तेवढी चूक सहजच असते, त्यामुळे संशय येत नाही. पण त्याच चुकीत निरोपही बुडतो. मला या विषयातला खरा पेच इथेच दिसतो: जे आवरण लपवते, तेच पुसूनही टाकते.

उपाय पुन्हा केले वादकाचाच, पुनरुक्ती. प्रत्येक द्विमान अंकासाठी (० किंवा १) पाच ठोके पुरतील असे उदारपणे धरू. चार मिनिटांच्या वादनात ४८० ठोके, म्हणजे ९६ अंक. देवनागरीची अक्षरे, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा धरून साठेक चिन्हे होतात. प्रत्येकाला सहा अंक लागतात. हाती उरतात १६ चिन्हे. ‘उद्या पहाटे निघा’ तेवढ्यात नेमके बसते. कुठून निघायचे, ते आधीच ठरलेले हवे.