अ‍ॅबिंजरचा प्रयोग : गाव, चर्च आणि इतिहास

१९३४ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील सरे परगण्यातील अ‍ॅबिंजर या गावी, जुन्या धर्मोपदेशकाच्या निवासस्थानाच्या बागेत, गावकऱ्यांनी आपल्याच गावाचा इतिहास वेशभूषा करून सादर केला. प्रयोगाचे प्रयोजन व्यावहारिक होते. गावातील पॅरिश चर्चच्या, म्हणजे ग्रामचर्चच्या, जतनासाठी निधी हवा होता. असे प्रयोग त्या काळी इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी होत आणि बहुतेक विस्मरणात जात. अ‍ॅबिंजरचा प्रयोग स्मरणात राहिला तो दोन नावांमुळे. संहिता ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराने लिहिली होती आणि संगीत राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराचे होते. दिग्दर्शन टॉम हॅरिसन यांनी केले. विशेष असे की, चर्चसाठी झटणाऱ्या या लेखक-संगीतकारांपैकी कोणीही रूढ अर्थाने श्रद्धावान ख्रिस्ती नव्हता. ज्या श्रद्धेत आपण सहभागी नाही, तिच्या वास्तूसाठी लेखकाने लेखणी का उचलावी, हा प्रश्न या प्रयोगाच्या मुळाशी आहे.

‘पॅजंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराचे आधुनिक रूप लुई नेपोलियन पार्कर याने १९०५ मध्ये शेरबोर्न येथे सिद्ध केले. नगराच्या स्थापनेस बाराशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत सुमारे नऊशे नागरिकांनी तो प्रयोग केला. खुली जागा, हौशी नट, स्थानिक इतिहास आणि एकामागून एक येणारी दृश्ये ही या प्रकाराची अंगे होत. खाटिकाने राजा व्हावे, शिक्षिकेने राणी व्हावे आणि एका दिवसापुरते सारे गाव आपल्या पूर्वजांच्या वेषात वावरावे, यात या प्रकाराचे आकर्षण होते. त्याची मर्यादाही येथेच होती. राजेराण्यांची मिरवणूक मांडून हे प्रयोग बहुधा एलिझाबेथच्या काळापाशी, फार तर सतराव्या शतकातील यादवी युद्धापाशी थांबत. अवघड वर्तमानाला हात न लावता प्रेक्षक अभिमानाने घरी परतत असे.

फॉर्स्टरने हा साचा स्वीकारला आणि आतून बदलला. त्याच्या प्रयोगात राज्यांचे उदयास्त गौण आहेत. ग्रामजीवनाचे सातत्य महत्त्वाचे आहे. निवेदक म्हणून त्याने इतिहासकार वा धर्मगुरू योजला नाही, तर एक लाकूडतोड्या योजला. ब्रिटनांपासून नॉर्मनांपर्यंतचा काळ, मध्ययुग, शेजारच्या वॉटन येथील जॉन एव्हलिन अशी दृश्ये या निवेदकाच्या साध्या बोलण्याने जोडली जातात. एव्हलिनची योजना अर्थपूर्ण आहे. १६६४ मध्ये ‘सिल्वा’ हा वृक्षांवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हा गृहस्थ या प्रदेशाचाच पुत्र. शेजारच्या अ‍ॅबिंजर हॅमर या वस्तीचे नावदेखील तेथील ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या, लोखंड ठोकण्याच्या घणावरून पडले आहे. ज्या लोहउद्योगाने वने खाल्ली आणि ज्या ग्रंथकाराने वनांची कैवारी भूमिका घेतली, ते दोन्ही एकाच भूमीचे, ही जाणीव या इतिहासाच्या पार्श्वभूमीस आहे.

समारोपात तर फॉर्स्टरने रूढ संकेत सरळ मोडला. लाकूडतोड्या प्रेक्षकांकडे वळून विचारतो की, या गावाचे पुढे काय होणार? नवे रस्ते, पेट्रोलचे पंप, बंगल्यांच्या रांगा या सर्वांखाली शेते आणि झाडे जाणार का? करमणुकीसाठी आलेल्या श्रोत्यांना उत्सव प्रश्नासह घरी पाठवतो. इतिहास हा झालेल्या गोष्टींचा संग्रह न राहता ज्यांच्या हाती पुढचा निर्णय आहे त्यांच्यावरील जबाबदारी होतो.

या जबाबदारीत चर्चचे स्थान कोणते? फॉर्स्टरच्या दृष्टीने ते देवापेक्षा गावाचे घर होते. शतकानुशतके गावाची बारशी, लग्ने आणि अंत्यविधी एकाच छताखाली झाल्याने त्या भिंतींना जी स्मृती लाभली होती, ती जपण्यास श्रद्धेची अट नव्हती. व्हॉन विल्यम्सची भूमिका याहून फारशी वेगळी नसावी. या प्रयोगासाठी त्याने बायबलमधील चौऱ्याऐंशीव्या स्तोत्राच्या आधारे जी रचना केली, ती आजही चर्चमधील समर्पणविधीच्या प्रसंगी गायली जाते. अश्रद्धाने रचलेले गीत श्रद्धावंतांच्या नित्य उपासनेत मिसळून गेले. दोघेही जण या मातीशी बांधलेले होते. व्हॉन विल्यम्सचे बालपण जवळच्या लीथ हिल प्लेसमध्ये गेले. फॉर्स्टरचे अ‍ॅबिंजर हॅमर येथील घर त्याच्या वास्तुविशारद वडिलांनी आत्यासाठी बांधलेले होते, आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीच्या उत्पन्नातून त्याने तेथेच एक छोटे वन विकत घेतले होते.

त्याच वर्षी, मे-जूनमध्ये, टी. एस. एलियटचे ‘द रॉक’ हे पॅजंट लंडनमध्ये सादर झाले. तेही चर्चबांधणीच्या निधीसाठीच होते. एलियट श्रद्धेच्या आतून लिहीत होता. त्याचा वृंद समाजाला देवाकडे परत बोलावतो. फॉर्स्टरचा लाकूडतोड्या समाजाला त्याच्या भूमीकडे बोलावतो. चर्चची पडझड एकाला आत्म्याच्या पडझडीची खूण वाटते, दुसऱ्याला सामायिक स्मृतीच्या. विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यात धर्म आणि परंपरा यांची जी फारकत झाली, तिच्या दोन्ही बाजू या एकाच वर्षी शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दिसतात.

मराठी वाचकाला येथे देवासची आठवण होणे साहजिक आहे. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा खासगी चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून पाहिला. ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या अखेरच्या भागात तो उत्सव आला आहे आणि त्यात तुकारामाच्या नावाचा गजर घुमतो. पुढे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात त्याने ते अनुभव पत्रांतून प्रसिद्ध केले. देवासच्या उत्सवाचा अ‍ॅबिंजरवर प्रभाव पडला, असे म्हणण्यास आधार नाही. तुलना मात्र उद्बोधक आहे. कृष्णजन्माच्या सोहळ्यात पाहणारा आणि करणारा असा भेद फारसा उरत नाही. जन्म दरवर्षी नव्याने होतो, त्याची आठवण काढली जात नाही. आपल्याकडील ललित किंवा दशावतार पाहणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. अ‍ॅबिंजरमध्ये भूतकाळ संपलेला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच तो वेष करून आणावा लागतो. मिथक पुन्हा घडते, इतिहास पुन्हा केवळ दाखवता येतो. या अंतरातच अशा प्रयोगांची करुणता आहे.

फॉर्स्टरच्या भूमिकेत एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. ज्या बंगल्यांची त्याला धास्ती होती, ते शहरातील दाटीतून मोकळ्या हवेत येऊ पाहणाऱ्या कुटुंबांचेही होते. ज्याचे स्वतःचे वन आहे, त्याने इतरांच्या घरांना हरकत घ्यावी काय? फॉर्स्टरला हा प्रश्न पुढे भिडला. १९४६ च्या एका नभोवाणी भाषणात त्याने आपल्या बालपणीच्या, स्टीव्हनेजजवळच्या प्रदेशावर येऊ घातलेल्या नव्या नगराविषयी बोलताना कबूल केले की, लोकांना घरे हवीतच. तरीही जे नष्ट होते त्याचे दुःख त्याला पुसता येईना. त्याच वर्षी भाडेपट्टा संपल्यामुळे त्याला अ‍ॅबिंजरचे घरही सोडावे लागले. सातत्याचा पुरस्कर्ता स्वतःच गावाबाहेर पडला.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘बिटवीन द अ‍ॅक्ट्स’ (१९४१) या अखेरच्या कादंबरीतही असेच एक ग्रामीण पॅजंट आहे आणि त्याचा निधीही गावच्या चर्चमध्ये दिव्यांची सोय करण्यासाठी आहे. १९३९ च्या जूनमधील त्या दिवशी वर्तमानकाळ दाखवताना नट प्रेक्षकांसमोर आरसे धरतात, आणि धर्मोपदेशकाचे आभाराचे भाषण चालू असताना वरून विमाने जातात. कादंबरीतील ही सूचना अ‍ॅबिंजरमध्ये खरी ठरली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये एक उडता बाँब गावाच्या सेंट जेम्स चर्चवर कोसळला आणि ज्या वास्तूसाठी गाव नटले होते तिचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. लाकूडतोड्याला भय होते ते बंगल्यांचे. संकट आले ते आकाशातून.

तरीही प्रयोग व्यर्थ गेला, असे म्हणता येत नाही. युद्धानंतर ते चर्च पुन्हा उभे राहिले. फॉर्स्टरची संहिता ‘अ‍ॅबिंजर हार्वेस्ट’ (१९३६) या संग्रहाच्या शेवटी वाचता येते आणि त्या प्रयोगासाठी रचलेले स्तोत्र कितीतरी अनोळखी गावांतील चर्चमध्ये गायले जाते. चर्च वाचवण्यासाठी जमवलेल्या पैशाला बाँब अडवता आला नाही. परंतु ही वास्तू आपली आहे, हे गावाने एकदा मिळून उच्चारले होते. पडलेली भिंत पुन्हा बांधावीशी वाटण्यासाठी ती आपली आहे असे आधी वाटावे लागते, आणि इतिहासाचे वेष चढवून गाव नेमके तेवढेच शिकते.