खांदेरी, दौलतखान आणि आमची हरणारी टीम

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून आधीच सांगतो. लेख इतिहासाचा आहे, पण सुरुवात डोटापासून.

आम्ही कॉलेजचे पाच मित्र दर शुक्रवारी रात्री ऑनलाइन डोटा खेळतो आणि नेमाने हरतो. कॅप्टन मी. मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ बघायचे, तिथली स्ट्रॅटेजी उचलायची आणि टीमवर लादायची, ही माझी पद्धत. आमच्यातला एक गडी हाताने संथ, पण समोरचा कुठे लपलाय हे नकाशा बघून बरोब्बर सांगणारा. त्याला मी मारामारीत पुढे घातलं. तो मरायचा, मी हेडफोनवर ओरडायचो. महिन्यापूर्वी तो ग्रुप सोडून गेला. एक शब्दही न बोलता.

असो. गेल्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो आणि पुढे थळच्या किनाऱ्यावर गेलो. समोर समुद्रात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. शाळेत मात्र ही लढाई दोन ओळींत उरकली होती.

साल १६७९. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इतक्या जवळ मराठ्यांचं ठाणं म्हटल्यावर इंग्रजांचं धाबं दणाणलं. त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली.

आता दोन्ही टीम बघा. इंग्रजांकडे 'रिव्हेंज'सारखं मोठं जहाज आणि भारी तोफा. उघड्या समुद्रात समोरासमोर गाठ पडली, तर मराठ्यांची छोटी गलबतं टिकणं अवघड. पण ही गलबतं वल्ह्यांवर चालायची, वारा पडला तरी अडायची नाहीत आणि उथळ पाण्यातही शिरायची. शिवाय वरचे कोळी-भंडारी खलाशी याच भरती-ओहोटीत वाढलेले.

कामंही तशीच वाटलेली होती. बेटावर तटबंदीचं काम मायनाक भंडारीकडे आणि आरमार दौलतखानाकडे. रात्रीच्या अंधारात होड्या इंग्रजांना चुकवून बेटावर रसद पोचवायच्या. जड शिडाची जहाजं त्यांना अडवू शकत नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मोठी चकमक झाली. पन्नासेक मराठी गलबतं वल्हवत इतक्या वेगाने आली, की इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. 'डव्ह' नावाची त्यांची गुराब मराठ्यांनी पकडली. मग एकट्या 'रिव्हेंज'ने तोफा डागत काही गलबतं बुडवली आणि बाकीच्यांना मागे रेटलं. मराठे उथळ पाण्याच्या आसऱ्याला गेले आणि दोन दिवसांत परत हजर झाले!

त्या दिवसाचा नुसता स्कोअर बघितला, तर शेवटी मैदान 'रिव्हेंज'ने मारलं असंच कुणीही म्हणेल. पण मराठ्यांना 'रिव्हेंज' बुडवायचंच नव्हतं. त्यांना तट बांधायचा होता, आणि तो रोज थोडा थोडा चढत होता. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाकेबंदी उठवली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

पुढे सगळं आलबेल झालं असं नाही. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा सुरू केल्या. म्हणजे डाव पुन्हा नव्याने मांडणं आलं.

डोटातही जिंकायला किती मारले हे मोजत नाहीत. समोरच्याचा मुख्य तळ पाडला की सामना संपला. हे मला माहीत होतं, तरी मी मित्राला मारामारीवरच मोजत बसलो. दौलतखानाने गलबतांना 'रिव्हेंज'सारखं एका जागी उभं राहून लढायला लावलं असतं, तर तट चढला नसता. मी नेमकं तेच करत होतो. आपल्याकडे गलबत आहे हे न बघता फ्रिगेटची स्ट्रॅटेजी.

परतीच्या लाँचमधून त्याला फोन केला. आधी माफी मागितली. मग म्हटलं, "नकाशा तू सांभाळ, कधी भिडायचं आणि कधी पळायचं ते तूच सांग. ओरडणार नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "बघू."

शुक्रवारी पाचवी जागा रिकामी ठेवली आहे.