व्हिनाइलवरचे पट्टे: आधी पाहावे, मग बटण दाबावे

गणेशोत्सवाच्या तोंडावर फ्लेक्स आणि व्हिनाइल छपाईच्या दुकानांत रात्रीचा दिवस होतो. मंडळाच्या फलकासाठी सलग भगवी पार्श्वभूमी छापायला घेतली जाते आणि फूटभर छपाई बाहेर येताच त्या भगव्यात ठरावीक अंतराने फिकट-गडद पट्टे दिसू लागतात. ग्राहक समोर उभा असतो. ऑपरेटर हेड क्लीनिंगचे बटण दाबतो. पट्टे जात नाहीत, म्हणून पुन्हा दाबतो. तासाभरात महागडी शाई वाया जाते, रोलचे काही फूट कचऱ्यात जातात आणि हा भुर्दंड कोणी सोसायचा, यावरून वाद सुरू होतो.

या दोषाला व्यवसायात ‘बँडिंग’ म्हणतात. त्याची कारणे अनेक असली, तरी प्रत्येक कारण आपली वेगळी खूण मागे ठेवते. पट्ट्याची दिशा, त्याचा रंग आणि दोन पट्ट्यांमधील अंतर या तीन गोष्टी पाहिल्या, की निम्मे निदान यंत्राला हात न लावताच होते.

छपाई होते कशी?

या यंत्रात शाईचे हेड रोलच्या रुंदीवर डावी-उजवीकडे धावते आणि प्रत्येक फेरीनंतर व्हिनाइल थोडेसे पुढे सरकते. या फेरीला ‘पास’ म्हणतात. इको-सॉल्व्हंट यंत्रांत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एप्सनच्या डीएक्स५ हेडचे उदाहरण घेता येईल. त्यात प्रत्येकी १८० नोझलच्या ८ ओळी, म्हणजे एकूण १,४४० नोझल असतात. एक ओळ सुमारे १ इंच लांबीची असते. ७२० डीपीआयची छपाई ४ पासमध्ये करायची, तर व्हिनाइलने दर वेळी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर पुढे सरकायला हवे. ठिपक्यांच्या दोन ओळींमधील अंतर मात्र अवघे ०.०३५ मिलिमीटर असते. म्हणजेच सरकण्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली, तरी जवळजवळ एका ठिपक्याची जागा चुकते. पट्टे इतक्या सहज का उमटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आडवे पट्टे

हेडच्या धावण्याच्या दिशेने जाणारे पट्टे सर्वाधिक आढळतात. ते मुख्यत्वे दोन कारणांनी पडतात. पहिले कारण बंद पडलेली नोझल. अशा वेळी रेषा बारीक असते आणि दोष एकाच रंगात असतो. भगवा रंग मॅजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातून होतो. त्यात मॅजेंटाची नोझल बंद असेल, तर भगव्यावर पिवळट रेषा दिसतात. नोझल चेकचा नमुना छापला, की तुटलेली ओळ लगेच कळते. उपाय क्लीनिंगचाच, पण एक-दोनदा करूनही फरक पडत नसेल, तर थांबावे. वारंवार क्लीनिंग केल्याने शाई तर जातेच, शिवाय नळीत हवा शिरून चालू असलेल्या नोझलही बंद पडू शकतात. अशा वेळी कॅपिंगचे रबर आणि वायपर स्वच्छ आहेत का, हे आधी पाहावे. कॅप हेडला घट्ट बसत नसेल, तर क्लीनिंगची ओढ हेडपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरे कारण फीडची चूक. नोझल चेक निर्दोष असूनही सर्व रंगांत समान अंतराने रेषा दिसत असतील, तर संशय फीडवर घ्यावा. रेषा फिकट असेल, तर व्हिनाइल जास्त सरकत आहे. गडद असेल, तर कमी सरकत आहे. प्रत्येक मालाची जाडी आणि पकड वेगळी असल्याने रोल बदलला, की फीडचा आकडा नव्याने जुळवावा लागतो. ही जुळवणी हीटर तापल्यावरच करावी. थंड यंत्रावर जुळवलेला आकडा गरम व्हिनाइलला लागू पडेलच असे नाही.

फेरी जाताना आणि येताना, अशी दोन्ही दिशांना छपाई होत असेल, तर आणखी एक प्रकार दिसतो. जाताना रंग ज्या क्रमाने एकावर एक पडतात, त्याच्या उलट क्रमाने ते येताना पडतात. त्यामुळे कमी पासच्या छपाईत एकाआड एक पट्ट्याची छटा किंचित बदलते. तोच तुकडा एकाच दिशेने छापून पाहिल्यास हे कारण लगेच सिद्ध होते.

उभे पट्टे आणि विरत जाणारा रंग

रोलच्या लांबीच्या दिशेने जाणारे पट्टे नोझलमुळे पडत नाहीत. हेडला आपली जागा कळते ती एन्कोडर स्ट्रिप या पारदर्शक पट्टीवरून. तिच्यावर शाईचा डाग किंवा धूळ बसली, की त्याच जागी दोष पुन्हा पुन्हा उमटतो. बेल्ट सैल होणे किंवा रुंदीत हीटरची उष्णता असमान असणे, हीदेखील कारणे असू शकतात.

छपाईच्या सुरुवातीला रंग भरदार आणि पुढे फिका होत असेल, तर दोष शाईच्या पुरवठ्यात असतो. डॅम्पर तुंबलेला असतो किंवा नळीत हवा असते. छपाईपूर्वी ठीक असलेला नोझल चेक छपाईनंतर बिघडला, तर हे निदान पक्के समजावे.

हवामानाचाही वाटा असतो. इको-सॉल्व्हंट यंत्राचा छपाईचा हीटर साधारणतः ३५ ते ४५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. तो कमी पडला, तर ओली शाई एकत्र गोळा होऊन जोडाच्या जागी डागाळते. जास्त झाला, तर शाई नोझलच्या तोंडाशीच सुकते आणि व्हिनाइल उचलले जाऊन हेडला घासते. पावसाळ्यात गारठलेला रोल गोदामातून आणून थेट यंत्रावर चढवण्याऐवजी काही तास छपाईच्या खोलीत ठेवणे हिताचे.

दोष फाइलमध्ये असेल तर

कधी यंत्र निर्दोष असते आणि पट्टे मूळ चित्रातच असतात. ८ बिटच्या फाइलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात. १० फुटांच्या फलकावर गडद ते फिकट अशी छटा पसरवली, तर एक पायरी सुमारे १२ मिलिमीटर रुंद होते आणि डोळ्यांना टोचते. असे पट्टे संगणकाच्या पडद्यावरही मोठे करून पाहिल्यास दिसतात. डिझायनरने छटेत किंचित ‘नॉइज’ मिसळल्यास ते झाकले जातात.

घाईची किंमत

४ पासऐवजी ८ पास निवडले, की ठिपक्यांची प्रत्येक ओळ दोन नोझल मिळून भरतात आणि एकीची उणीव दुसरी झाकते. पण वेळ दुप्पट लागतो. हंगामात दुकानदार वेग वाढवतो आणि पट्टे डोके वर काढतात, ते यामुळेच. चौकात उंचावर लागणाऱ्या फलकाला बारीक रेषा चालून जाते. दुकानाच्या काचेवर हाताच्या अंतरावर लागणाऱ्या व्हिनाइलला ती चालत नाही. त्यामुळे काम कुठे लागणार, हे ग्राहकाने ऑर्डर देतानाच सांगावे आणि ज्या वेगाने काम होणार, त्याच वेगाने सलग रंगाची फूटभर पट्टी छापून पाहावी.

दुकानदाराने एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक मालाचा फीडचा आकडा, तापमान व पास वहीत नोंदवून ठेवावेत. तीन गोष्टी एकदम बदलून पट्टे गेले, तरी ते कशामुळे गेले, हे कळत नाही. आणि पुढच्या रोलला ते परत आले, की सारी खटपट पहिल्यापासून करावी लागते.