पट्टी तीच, खाच वेगळी

पहिलाच गेमिंग पीसी जुळवताय? मग रॅमची ही जुनी लढाई ऐका. १९९९ मध्ये इंटेलने रॅम्बसची आरडीरॅम पुढे रेटली. महाग तर होतीच, वर रिकाम्या स्लॉटातही मुकी पट्टी खोचावी लागे! लोकांनी स्वस्त डीडीआर उचलली आणि इंटेललाही मागे फिरावं लागलं.

तेव्हापासून प्रत्येक पिढीत खाच सरकत आली. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना; तरी एकीच्या स्लॉटात दुसरी बसत नाही. काडतूस बंदुकीच्या मापाचं हवं, हे फौजीला सांगावं लागत नाही. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर दोन्ही चालवतो, पण बोर्ड बहुधा एकच घेतो. एएमडीच्या एएम५वर फक्त डीडीआर५. साठवलेले पैसे मोजण्याआधी बोर्डाची यादी बघा, दोन्ही पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्या.