पेटकर, मुरलीकांत राजाराम

(१ नोव्हेंबर १९४४ – ). भारतीय सैनिक, मुष्टियोद्धे व जलतरणपटू. ऑलिंपिक व पॅरालिंपिक या दोन्ही स्पर्धांचा एकत्रित विचार केल्यास वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे पहिले भारतीय. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ (ता. वाळवा) येथे. लहान वयातच ते भूसेनेत दाखल झाले व पुढे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात (ईएमई) कारागीर म्हणून काम करू लागले. सेनादलात त्यांनी मुष्टियुद्धात नैपुण्य मिळविले.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात पेटकर यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक पाठीच्या कण्यापाशी कायमची रुतून राहिली. कमरेखालील शरीर लुळे पडल्याने मुष्टियोद्धा म्हणून त्यांची कारकीर्द संपुष्टात आली. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौसेना रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे शरीराचा भार हलका होतो आणि मुक्त शैलीत पुढे जाण्याची गती मुख्यतः हातांपासून मिळते. तथापि निर्जीव पाय मागे ओढले जाऊन पाण्याचा रोध वाढतो व तो खांद्यांच्या बळावरच भरून काढावा लागतो. अशा रीतीने उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे हेच पुढे त्यांच्या स्पर्धात्मक जीवनाचे साधन बनले.

मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर खेळांद्वारे पुनर्वसन करण्याची पद्धत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लूटव्हिख गुटमान या मज्जातंतुविशारदाने रूढ केली. तेथे २९ जुलै १९४८ रोजी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तीतूनच पॅरालिंपिक चळवळीचा उगम झाला आणि १९६० मध्ये रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली. भारताने या स्पर्धांत प्रथम १९६८ मध्ये तेल अवीव्ह येथे भाग घेतला. पेटकर तेथे टेबल-टेनिस खेळले व पहिल्या फेरीत विजयी झाले. १९७० मध्ये एडिंबरो येथील पक्षाघातग्रस्तांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५० मी. मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य व गोळाफेकीत कांस्य पदक मिळविले. परदेशातील स्पर्धांसाठी त्यांना विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य लाभले.

१९७२ ची पॅरालिंपिक स्पर्धा ऑलिंपिकचे यजमान शहर म्यूनिक येथे न भरता हायडल्‌बर्ग येथे ऑगस्टमध्ये भरली. तीत ५० मी. मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून पेटकर यांनी सुवर्णपदक मिळविले. ही वेळ त्या गटातील जागतिक उच्चांक ठरली. भालाफेक व चाकखुर्चीची नागमोडी शर्यत (स्लालम) यांतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली.

या यशाची दखल देशात फार विलंबाने घेतली गेली. अपंगांच्या खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना भारतात १९९० नंतरच आकारास आली. तोवर असे यश क्रीडेपेक्षा पुनर्वसनाच्या सदरातच मोडत असे. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी पेटकर यांनी केलेली मागणी मान्य झाली नाही. पॅरालिंपिकमधील भारताचे पुढील सुवर्णपदक देवेंद्र झाझडिया यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे भालाफेकीत मिळविले. म्हणजे मध्ये ३२ वर्षे लोटली. २०१८ मध्ये पेटकर यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. त्यांच्या जीवनावरील चंदू चँपियन हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तर जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. हायडल्‌बर्गच्या विजयास तोवर ५२ वर्षे उलटली होती. जखमी खेळाडूच्या पुनरागमनास जिद्दीइतकीच वेळेवर मिळणारे उपचार व स्पर्धेची संधी यांची गरज असते. पेटकर यांना ही दोन्ही मिळाली. समाजमान्यतेसाठी मात्र त्यांना अर्धे शतक थांबावे लागले.